सामानाकडे कोण?

शाळेत पोरं तिला गोणी म्हणायची. आता गोणी ही काही शिवी नाही. गोणीत धान्य असतं, सिमेंट असतं, अर्ध्या जगाचं काम गोणीवर चालतं. पण ज्या तोंडाने ती पोरं म्हणायची ना, त्या तोंडाने देवाचं नाव घेतलं असतं तरी शिवीच वाटली असती. अंगाने ती भरलेली होती, पळायला लागली की धापा टाकायची, एवढाच काय तो तिचा गुन्हा.

त्या शाळेत एक खेळाचे सर होते. गळ्यात लाल दोरीची शिट्टी, पायात पांढरे बूट. खेळाचा तास सुरू झाला की पोरं चपला, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या मैदानाच्या कडेला भिंतीपाशी टाकायची. सर सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "सामानाकडे कोण?" विचारायचं आपलं उगाच. उत्तर ठरलेलंच असायचं. सर बोट करायचे, "ए, तू." की गोणी निघाली भिंतीकडे. पहिलीत जी बसली ती थेट दहावीला उठली. वेळ जावा म्हणून ती चपलांचे जोड लावायची, बाटल्या रंगाप्रमाणे ओळीत ठेवायची, आणि मैदानावरची मजा बघत बसायची. सरांची तिच्याकडे कायम पाठ असायची. तिचं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरज तरी काय होती? "ए, तू"ने काम भागत होतं की!

तर ही गोणी पुढे खेळाची बाई झाली. हसू नका. हसणारे पुष्कळ होऊन गेले, तुमची काही नवलाई नाही.

लग्न होऊन ती दोन खोल्यांच्या घरात आली. नवरा पडदे शिवायचा. खिडकीशी मशीन, आणि घरभर लोकांचे पडदे. जेवताना पडदा बाजूला सारून ताट घ्यायचं, झोपताना पडदा गुंडाळून उशाशी ठेवायचा. तिसरी होती सासू, जिभेने तिखट आणि मनाने तशी बरी, फक्त ते बरेपण बाहेर यायला फार वेळ घ्यायचं. गोणी कोपऱ्यावरच्या पाळणाघरात कामाला जायची. तिथे दोन-दोन, तीन-तीन वर्षांची पोरं. तिथेच एक दिवस ठिणगी पडली.

झालं असं, की पाळणाघरात एक गुबगुबीत पोरगं होतं. लाडू नुसता. सगळ्यांच्या मागे पळायचं, चार पावलांवर आपटायचं, उठायचं, खिदळायचं आणि पुन्हा पळायचं. रडणं नाही, काही नाही. पाळणाघराची मालकीण आतून ओरडली, "अगं, त्या जाड्याला एका जागी बसव की! पडला कुठे तर त्याची आई माझा जीव खाईल."

गोणीने त्याला उचललं, कोपऱ्यापर्यंत नेलं आणि खाली ठेवता ठेवता तिचे हात थांबले. पोरगं तिच्याकडे बघत होतं. 'मला का?' असं विचारायचं त्याचं वय नव्हतं, पण डोळ्यांत तेच होतं. तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! तिने त्याला पुन्हा मैदानात, म्हणजे त्या सतरंजीवर, सोडलं आणि मालकिणीला सांगितलं, "पडू दे. उठतोय ना?"

संध्याकाळी घरी आली ती तशीच धुमसत. नवरा तोंडात टाचण्या धरून पडद्याला चुण्या घालत होता. ती दारातूनच म्हणाली, "मी खेळाची बाई होणार."

नवऱ्याने एकेक टाचणी तोंडातून काढली. सगळ्या काढून झाल्यावर म्हणाला, "कुणाची?"

"लहान मुलांची. शाळेत. त्याचा कोर्स असतो."

"बरं," तो म्हणाला आणि टाचण्या पुन्हा तोंडात ठेवायला लागला.

सासूने मात्र कपाळावर हात मारून घेतला. "या वयात? या अंगाने? जिना चढताना मध्ये टेकतेस तू, आणि पोरांना उड्या मारायला शिकवणार? लोक हसतील गं!"

"हसू देत की, आई. लोक हसताहेत ते मी पहिलीपासून ऐकतेय. आता त्याशिवाय मला करमत नाही."

कोर्सला प्रवेश हवा तर पळून दाखवावं लागायचं, ठरल्या वेळात. म्हणून ती पहाटे उठून इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पळायला लागली. पळायला कसलं, सुरुवातीला नुसतं चालणं, तेही फरफटत. कुत्री मागे लागायची. रखवालदार खुर्चीत बसून विचारायचा, "काय वहिनी, बस चुकली का?" वरच्या गॅलऱ्यांमधून माना बाहेर यायच्या. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. श्वासच नसायचा उत्तर द्यायला! पण हळूहळू कुत्र्यांना तिची सवय झाली, मग रखवालदाराला झाली, आणि शेवटी गॅलऱ्यासुद्धा कंटाळल्या. परीक्षेला ती सगळ्यांत शेवटी आली, पण वेळेत आली. तिथल्या मास्तरांनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. नाही म्हणायला त्यांना काही सापडेना. घेतलं झालं.

मग कॉलेजचा ट्रॅकसूट आला, म्हणजे आलाच नाही. दुकानदाराने तिला वरपासून खालपर्यंत मापलं आणि म्हणाला, "तुमच्या मापात बनवतच नाहीत." तिने घरी येऊन तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याने कापड आणलं, रात्रीच्या जेवणाआधीच बेतलं. सासू पलीकडून म्हणालीच, "एवढ्यात एका हॉलचे पडदे झाले असते." नवऱ्याने प्रत्येक शिवण दुहेरी मारली आणि सूट बायकोच्या हातात देत म्हणाला, "पाहिजे तशी उडी मार. फाटला तर धंदा सोडतो." तेव्हा कुठे तिला रडू आलं, दुकानात आलं नव्हतं ते.

कॉलेजात सगळी पोरंपोरी विशीतली, काटक, सळसळती. ती सगळी तिला काकू म्हणायची. काकूला कोलांटी येईना, काकूला दोरीवर चढता येईना. काकूने गुडघे सोलून घेतले, पाय मुरगळून घेतला, पण कोर्स सोडला नाही. पोरांना एकदा वाटलं, काकू आज येत नाही बहुतेक, तर काकू लंगडत दारात हजर. असं करत करत शेवटची परीक्षा आली. ती म्हणजे पाठ. खऱ्या शाळेतला खरा वर्ग मैदानावर न्यायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर खेळाचा तास घेऊन दाखवायचा. त्यात नापास झालं की बाकी सगळं पाण्यात. पुन्हा वर्षभर थांबा, पुन्हा फी भरा. आणि घरातले पडदे काही एवढे नव्हते, की पुन्हा फी निघेल.

या पाठाची एक चोरवाट होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. आदल्या दिवशी शाळेत जायचं आणि पोरं वेचायची. तांदळातले खडे काढावेत तशी. चपळ असतील ती मैदानात, ढिली असतील ती बाजूला. मग पाठ कसा घड्याळासारखा चालतो. परीक्षक खूष, मार्क खूष.

"काकू, तुम्हीपण वेचून घ्या हं," वर्गातली धावपटू मुलगी तिला म्हणाली. चांगली पोर होती ती, मनापासून सांगत होती. "एक जरी ढ पोरगं आलं ना, तर सगळ्या पाठाचा विचका."

"मी वेचणार नाही. आख्खा वर्ग घेणार."

"अहो काकू, शेवटची परीक्षा आहे ही!"

"म्हणूनच."

मोठ्या ऐटीत बोलली, खरं. आदल्या दिवशी शाळेत गेली, दुसरीचा वर्ग. तिथल्या नेहमीच्या सरांनी पोरं रांगेत उभी केली. हिने रांगेवरून बोट फिरवत सगळी मोजली आणि तेवढी वर्तुळं दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मैदानावर पांढऱ्या फक्कीने आखली. प्रत्येक पोराला एक वर्तुळ, ते त्याचं घर. शिट्टी वाजली की घर बदलायचं. मग दर वेळी एक घर पुसायचं, ज्याला घर मिळणार नाही तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला. कॉलेजात शिकवला तसाच खेळ तिने टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, उतरवला होता, वर कॉलेजच्या सरांची सही होती. टाचणात एक आणि मैदानावर दुसरं, असं चालत नाही. मार्क कापतात.

परीक्षक आले. पोट सुटलेलं, केस पांढरे, बूटही पांढरेच. आणि गळ्यात लाल दोरीची शिट्टी.

सगळी दुनिया सोडून हाच माणूस यायचा होता? सरांनी तिच्याकडे बघितलं, ओळखीचं एक चिन्ह नाही. टाचण हातात घेतलं, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "हं, करा सुरू."

तिने शिट्टी वाजवली. पोरं ओरडत पळाली आणि एकेका घरात शिरली. सगळी घरं भरली. हिशेब बरोबर. तिचा जीव भांड्यात पडला, हात सहज कमरेवर गेला, आणि मान वळवली तर काय?

भिंतीपाशी एक पोरगी बसली होती. गुबगुबीत, गुडघे पोटाशी धरून. समोर सगळ्या वर्गाच्या बाटल्या, ओळीत लावलेल्या. निळ्या एका बाजूला, गुलाबी दुसऱ्या बाजूला.

ती तिच्याकडे गेली. "तू इथे काय करतेस?"

"मी सामान बघते ना," पोरगी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच येते."

"काल होतीस?"

"हो. इथेच होते."

काल होती! आणि हिने रांगेवरून बोट फिरवलं, तेव्हा भिंतीकडे मानसुद्धा वळवली नाही. मैदानावर उभी असतील तेवढीच पोरं, असं धरून चालली. वेचणार नाही म्हणून फुशारक्या मारत होती, आणि न वेचता वेचून मोकळी झाली होती. गोणीने गोणीलाच मोजलं नव्हतं. असा राग आला तिला स्वतःचा, की त्या क्षणी स्वतःच्या दोन कानाखाली ओढल्या असत्या.

"ऊठ," ती म्हणाली.

"पण घर नाही मला."

ते मात्र खरं होतं. घरं सगळी भरली होती. टाचणाप्रमाणे गेलं तर ही पोरगी मैदानात येणार, पहिल्याच शिट्टीला बाद होणार आणि परत भिंतीशी येऊन बसणार. वर सगळे हसणार. मागून खुर्चीतून आवाज आला, तोच, इतक्या वर्षांनी तस्साच, "अहो बाई, तिला कशाला उठवताय? बसू दे तिला. सामानाकडे कोण?"

आता बघा, दोनच रस्ते होते. पोरीला खाली बसवायचं आणि पास व्हायचं. नाहीतर उठवायचं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायचं, की तुझा सूट फाटला नाही पण बाकी सगळं फाटलं. तिने पोरीचा हात धरला आणि मैदानाच्या मध्यावर आणलं.

"ऐका रे सगळे!" तिचा आवाज चढला होता. "खेळ बदललाय. शिट्टी वाजली की घर बदलायचं. मी एकेक घर पुसत जाणार. पण आज कुणीही बाद नाही. ज्याला घर नाही, त्याला हात धरून आपल्या घरात ओढायचं. आमच्या घरात जागा नाही, असं कुणी म्हणायचं नाही. एक जरी बाहेर राहिला, तर सगळे हरले. कळलं?"

"हो बाई!"

"टाचणात असं नाही," सर म्हणाले.

"नाही, सर," ती म्हणाली आणि शिट्टी फुंकली.

पहिल्या खेपेला घोटाळा झाला. पोरगी मध्येच उभी राहिली, कुणी ओढेना, ती कुठे जाईना. मग एका दात पडलेल्या मुलीने हात लांब केला आणि तिला खस्सकन आत घेतलं. दोघी एकमेकींवर आदळल्या आणि खुदखुदल्या. बस्स, तिथून खेळाने पेट घेतला. शिट्टी, घर पुस. शिट्टी, घर पुस. ती बुटाने फक्की पुसत होती, पोरं किंचाळत होती, "इकडे ये! अरे इकडे, जागा आहे!" एका घरात तिघं, मग पाच जण. एकमेकांच्या गळ्यात हात, पायावर पाय. बाटल्यांच्या ओळीतून कुणीतरी पळालं आणि निळ्या-गुलाबी सगळ्या गडगडत मैदानभर झाल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

"बाई! सामान!" सर ओरडले. त्यांच्याकडेही कुणी पाहिलं नाही.

शेवटी एकच वर्तुळ उरलं आणि आख्खा वर्ग त्यात. कडेची पोरं बाहेर कलायला लागली, आता पडणार, मग पडणार. तेव्हा मध्ये कोण होती? तीच पोरगी. पाय रोवून घट्ट उभी राहिली होती आणि सगळ्यांनी तिलाच धरलं होतं. तिला धरून दुसऱ्याला, दुसऱ्याला धरून तिसऱ्याला. ती हलली नाही. तोंड लाल झालं होतं, केस सुटले होते, आणि ती इतकी हसत होती की डोळे दिसत नव्हते. बाईंनी लांबलचक शिट्टी वाजवली तरी कुणी कुणाला सोडेना.

पाठ संपल्यावर सरांनी तिला खेळाच्या सामानाच्या खोलीत बोलावलं. हवा गेलेले चेंडू, गुंडाळलेल्या गाद्या, रबराचा वास. ते स्टुलावर बसले, ती उभी राहिली.

"हा कसला खेळ?" सर म्हणाले. "कुणी बादच होत नाही!"

"नाही होत."

"टाचण सोडलंत. वर्गावर ताबा नाही. आणि सामान सगळं वाऱ्यावर! पोरांच्या वस्तू गेल्या असत्या तर? कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

तिला वाटलं होतं, आपण घाबरू. पण घाबरायचंच विसरली ती. "सर," ती म्हणाली, "पहिलीपासून दहावीपर्यंत मी लक्ष ठेवलं. उन्हात बसून. एकदाही चोर आला नाही. एकदासुद्धा नाही! कोण येणार होतं आमच्या चपला चोरायला?"

सरांनी मान वर केली. "कुठल्या शाळेत होतीस?"

"तुमच्या."

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या. "आठवत नाहीस."

"कशी आठवणार, सर? तुमची पाठ असायची माझ्याकडे. हाक मारायची तर 'ए, तू' म्हणायचात."

सर शिट्टीची लाल दोरी बोटाला गुंडाळत राहिले, सोडत राहिले. मग पेन काढलं. "नियमाने मला मार्क कापावे लागतील," असं म्हणाले, पण तिच्याकडे न बघता. "काठावर पास करतोय."

"काठ तर काठ, सर. काठावर बसायची सवय आहे मला. पण आता पोरांना नाही बसवणार."

ती बाहेर आली. पास झाली होती ती! नवऱ्याला आधी सांगायचं की सासूला, तेच तिला ठरवता येईना. पोरं वर्गात गेली होती. मैदानावर पुसट फक्की, इकडेतिकडे बाटल्या, आणि त्या बाटल्या गोळा करून पुन्हा भिंतीपाशी आणणारी तीच पोरगी. गुडघा खरचटला होता, त्याचं तिला भान नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "उद्या आमचे नेहमीचे सर असतील ना? मी इथे येऊन नाही बसले आणि ते म्हणाले, सामानाकडे बघ, तर?"

आता काय सांगणार? उद्या ही बाई इथे नसणार, हे दोघींनाही माहीत होतं. ती पोरीसमोर खाली बसली. दुहेरी शिवण करकरली, पण टिकली.

"तर म्हणायचं, नाही."

"रागावतील."

"रागावू देत. रागावून रागावून माणूस थकतं. म्हणून बघ."

"नाही," पोरगी पुटपुटली.

"हे तर मलाच ऐकू आलं नाही. सरांना काय येणार?"

"नाही."

"मोठ्याने गं! घसा आहे ना तुला?"

पोरीने छाती भरून श्वास घेतला, मुठी आवळल्या, डोळे घट्ट मिटले आणि ओरडली, "नाही!" अशी ओरडली की वर्गांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. सामानाच्या खोलीच्या दारात परीक्षक सर येऊन उभे राहिले, शिट्टी हातात धरून.

पोरीने डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग त्या ढिगातून फक्त स्वतःची बाटली उचलली आणि पळत वर्गात गेली.